तोंडाची भूक

१

जेवण उरकलं, भांडी विसळून झाली की मी टेबलाशी परत येऊन बसायचो आणि डबा पुढे ओढायचो. भूक नसायची. पण चंदीगडच्या जुन्या सरकारी घरांत खोल्या ऐसपैस असतात, छत उंच असतं, आणि एकट्या माणसाला जेवणानंतर तिथे करण्यासारखं काही नसतं. टीव्हीवरच्या चर्चा मला सोसत नाहीत. झोप लवकर येत नाही. मग हात आपोआप डब्याकडे जायचा. माझी थोरली बहीण, शालिनीताई, सांगलीहून भडंग, चकल्या, पातळ पोह्यांचा चिवडा असं काही ना काही पार्सलने पाठवत असते, त्यामुळे डबे कधी रिकामे नसायचे.

ही सवय मुळात माझी एकट्याची नव्हती. पद्मिनी, माझी बायको, शेवटच्या आजारपणात काही गिळू शकत नव्हती. अन्ननलिका हळूहळू बंद होत गेली आणि डॉक्टरांनी पोटात नळी बसवली. त्या नळीतून दूध, मुगाचं पाणी, पावडरी असं सगळं जायचं. तिचा पलंग आम्ही बाहेरच्या खोलीत, जेवणाच्या टेबलाशेजारी आणला होता. एकदा रात्री ती म्हणाली, "तुम्ही काहीतरी खा ना. मी ऐकते."

"ऐकतेस म्हणजे?"

"खा तर. डोळे मिटून ओळखते काय खाताय ते."

मी एक घास टाकला.

"चकली," ती म्हणाली. दुसरा टाकला. "शेव. जाड." तिसऱ्याला म्हणाली, "भडंग. आणि दाणा खवट लागला तुम्हाला."

"खवटपणा ऐकू येतो?"

"तुमचं तोंड थांबलं ना मध्येच."

मग तो रोजचा खेळ झाला. तिला चकवायला मी कधी भाजलेला पापड दुधात बुडवून खाल्ला, कधी कच्चे तांदूळ चावले. ती एकदाही हरली नाही. फक्त चिवड्यातलं खोबरं मी तिच्यासमोर खात नसे. ते काप तिचे. ती ते वेचून खायची आणि उरलेला चिवडा मी संपवायचो, असाच आमचा सगळा संसार झाला होता.

ती जाऊन वर्ष उलटलं. पलंग परत आतल्या खोलीत गेला. मी त्याच खुर्चीत बसून खात राहिलो. खाणं थांबवलं तर तिने ऐकायचं काय, असा एक विचार होता. तो मी कुणाला बोलून दाखवला नव्हता, कारण मोठ्याने म्हटला असता तर तो मलाच पटला नसता.

एका रात्री बाहेर गेट वाजल्यासारखं वाटलं, म्हणून मी चावता चावता थांबलो. जबडा थांबला. कुरकुर थांबली नाही. ती थोडी पुढे गेली आणि मग बंद झाली. पंगतीत सगळे गप्प झाल्यावर आपलाच आवाज ऐकून कुणी ओशाळून थांबावं, तशी.

२

त्याच सुमारास हृदयाच्या डॉक्टरांनी मला खडसावलं. एक स्टेंट आधीच बसला होता. वजनाच्या आकड्याकडे बघून ते म्हणाले, "इस वजन के साथ अगली बार आओगे, तो शायद मेरे पास टाइम ही न हो." माझा मुलगा निशांत मोहालीत नोकरी करतो आणि एयरोसिटीत मित्रांबरोबर राहतो. तो शेजारीच बसला होता. गाडीत बसलो. मग स्टीअरिंगवर हात ठेवून, समोर बघत म्हणाला, "आई के बाद आप भी नहीं, बाबा. प्लीज."

त्यानेच मला आहारतज्ज्ञ बाईंकडे नेलं. कश्मिरा नावाची तरुण मुलगी, अमरावतीची. मराठी ऐकल्यावर तिने खुर्ची पुढे ओढली.

"काका, तुम्ही रात्री जे खाता न, ती पोटाची भूक नाही. तोंडाची भूक आहे."

"दोन वेगळ्या असतात?"

"एकदम वेगळ्या. पोटाची भूक काहीही चालवून घेते. शिळी पोळी द्या, वरणभात द्या. तोंडाच्या भुकेला नेमकं तेच पाहिजे असतं. कुरकुरीत तर कुरकुरीतच. पोट भरलेलं असतं अन् तोंड उपाशी."

"मग त्या तोंडाला द्यायचं काय?"

"काही द्यायचं नाही. जेवण झालं की दात घासून टाकायचे. म्हणजे तोंडाला कळतं, दुकान बंद झालं." ती स्वतःच हसली. "अन् अगदीच राहवलं नाही, तर डब्यातून खायचं नाही. उभ्याने खायचं नाही. वाटीत वाढून घ्यायचं, डबा जागेवर ठेवून द्यायचा, दिवा लावून नीट बसायचं, अन् खाताना दुसरं काही करायचं नाही. नुसतं खायचं. वाढून घेतलं की अर्धी भूक तिथंच मरते."

"आणि कंटाळा?"

"कंटाळ्याला फिरायला न्यायचं. इतका मस्त तलाव आहे तुमच्याकडे."

उठता उठता मी विचारलं, की आपण चावायचं थांबलो तरी आवाज येत राहतो, असं कधी होतं का.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "दातांच्या डॉक्टरला दाखवून घ्या, काका."

दाखवलं. दात ठीक होते. जबड्याच्या सांध्यातून कधीकधी असा आवाज येतो, वयाने होतं, असं ते म्हणाले. मला ते पटलं. पटायलाच हवं होतं.

३

मी खाणं थांबवलं. वाटलं होतं तितकं अवघड गेलं नाही. जेवण लवकर घेऊ लागलो. दात घासायचो, मफलर गुंडाळून सुखना तलावाच्या काठाने फिरून यायचो. येताना भाजलेल्या दाण्यांच्या गाडीपाशी रस्त्याची बाजू बदलायचो. परत येईपर्यंत पाय दुखायचे आणि डोळे मिटायला लागायचे. डबे फळीवर होते तिथेच होते. पँट कमरेत सैल झाली.

रविवारी दुपारी निशांत आला. जेवून तो बाहेरच्या खोलीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला. मी टेबलाशी पेपर वाचत होतो. उन्हाचा पट्टा त्याच्या पायापर्यंत आला होता, बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं. अगदी साधी दुपार.

"बाबा," मान वर न करता तो म्हणाला, "क्या खा रहे हो?"

"काही नाही."

"आवाज़ आ रही है यार. चकली है ना? डायट का क्या हुआ?"

मी पेपर खाली ठेवला. मग मलाही ऐकू आला. टेबलाजवळून. कडक काहीतरी सावकाश, मन लावून चावलं जात होतं.

निशांत लॅपटॉप बाजूला ठेवून हसत हसत उठला. "दिखाओ. मुँह खोलो."

मी तोंड उघडलं. वैद्यासमोर उघडावं तसं, जीभ बाहेर काढून.

तो माझ्या तोंडाकडे बघत होता आणि आवाज चालू होता. त्याचं हसू एकदम गेलं नाही. कडेने थोडंथोडं कमी होत गेलं. मग आवाज थांबला.

"चूहा होगा," तो म्हणाला. "किचन में पेस्ट कंट्रोल करवा देता हूँ."

"करून टाक," मी म्हणालो.

तो रात्री राहणार होता. संध्याकाळीच निघून गेला.

४

उंदीर नव्हता. पेस्ट कंट्रोलवाल्याने फळ्या उपसून पाहिल्या आणि पैसे घ्यायलाही संकोचला. मी मनाशी ठरवलं, की खाऊचे डबेच घरात नकोत. सगळे पिशवीत भरून ऑफिसात नेले आणि शेजारच्या टेबलावरच्या विजयकुमारजींना देऊन टाकले. त्यांच्या घरी नातवंडं आहेत. "ओ जी, इतना सारा? भाभीजी के हाथ का है?" त्यांनी विचारलं आणि लगेच कानाला हात लावला. मी म्हटलं, बहिणीच्या हातचं आहे, खा.

घरी येऊन रिकाम्या फळीसमोर उभा राहिलो. कुणाशी बोलतोय याचा विचार न करता मोठ्याने म्हणालो, "संपलं. आता काही नाही. सगळं संपलं."

म्हटलं आणि जीभ चावली.

पद्मिनीच्या स्वयंपाकघरात हा शब्द चालत नसे. तांदूळ, मीठ, साखर संपत नाही, वाढते. दिवा विझवत नाहीत, वाढवतात, तसंच. "अहो, साखर वाढलीय, येताना आणा," असं ती म्हणाली की लहानपणी निशांत डबा उघडून बघायचा आणि मला सांगायचा, "कहाँ बढ़ी? खाली तो है." ती कितीही घाईत असली, तरी 'संपलं' तिच्या तोंडून निघत नसे. आणि मी ते तिच्या फळीला, तोंडावर सांगितलं होतं.

त्या दिवसापासून कुरकुर बंद झाली आणि दुसरे आवाज सुरू झाले. डब्याचं झाकण निघाल्याचा. डबा हलवून बघितल्याचा. सकाळी उठून पाहावं तर रव्याचा, डाळीचा, तांदळाचा, सगळ्या डब्यांची झाकणं निघालेली आणि ओट्यावर एका ओळीत उताणी मांडलेली. आतलं काही कमी झालेलं नसायचं. मीच झोपेत उठत असेन, असं मी म्हटलं. एकट्या माणसांचं होतं असं. म्हणून झोपण्यापूर्वी स्वयंपाकघराला बाहेरून कडी घातली आणि कडीत जाड दोरा बांधला. सकाळी दोरा तसाच होता. दार उघडलं तर झाकणं ओळीत होती.

मग आवाज स्वयंपाकघरातून बाहेर आला. एकदा पहाटे जाग आली, ती उशाशी कुणीतरी तोंड हलवत होतं म्हणून. चावण्यासारखं त्या तोंडात काही नव्हतं. कोरडे दात एकमेकांवर येत होते, सुटत होते, परत येत होते. मी डोळे उघडले नाहीत. ऐकत पडून राहिलो. ऐकता ऐकता माझ्याच पोटात खड्डा पडल्यासारखी भूक लागली.

ऑफिसात सगळे माझं कौतुक करत होते. "सर जी, तुसी ते अद्धे रह गए," विजयकुमारजी म्हणाले आणि घरच्या तुपातल्या पिन्नीचा लाडू पुढे केला. मी नको म्हटलं, तर त्यांनी टाळ्या वाजवल्या. कश्मिराने मात्र मला वजनकाट्यावरून उतरवून पुन्हा चढवलं.

"काका, उपाशी राहताय का?"

"नाही. तुम्ही लिहून दिलंय ते सगळं खातो."

"सगळं?"

"पानात काही टाकत नाही."

"मग जातंय कुठे?" ती म्हणाली. तिच्या दृष्टीने हा साधा प्रश्न होता. ती कागदावर काहीतरी लिहीत होती. "एवढ्या वेगाने नको, काका. हे असंच उतरत राहिलं तर ते चांगलं नाही. पोट भरतंय न नक्की?"

"पोट भरतंय," मी म्हणालो.

आणि जिन्यावरून उतरताना तिचंच जुनं वाक्य मला आठवलं. पोट भरलेलं असतं अन् तोंड उपाशी.

मी जिन्यातच कठड्याला धरून उभा राहिलो. नळीतून पद्मिनीचं पोट रोज भरत होतं. किती गेलं, किती राहिलं, ते मी मापाने बघत होतो. ती कधी भूक लागली म्हणाली नाही. फक्त म्हणायची, तुम्ही खा, मी ऐकते.

५

शालिनीताईला फोन केला. "पातळ पोह्यांचा चिवडा पाठवतेस?"

"तुझं ते डायटिंग?"

"माझ्यासाठी नको आहे. आणि खोबरं जास्त घाल."

"तू तर खोबरं वेचून बाजूला काढतोस."

"घाल, ताई."

ती म्हणाली, "बरं. काप पातळ करते. तिला पातळ आवडायचे."

पार्सल आलं त्या शनिवारी इतकं धुकं पडलं होतं, की भर दुपारी समोरच्या घराची विटांची भिंत दिसत नव्हती. रस्त्यावर गाडी नव्हती. मी घरात सगळीकडचे दिवे लावले. कश्मिराने सांगितलं होतं ते सगळं केलं. वाटी घेतली, तिच्यात चिवडा वाढला, डब्याचं झाकण लावून डबा फळीवर ठेवला. वाटी माझ्यासमोर ठेवली नाही. टेबलाच्या पलीकडे, रिकाम्या खुर्चीपुढे ठेवली. शेजारी पाण्याचा तांब्या आणि भांडं ठेवलं.

मी घाबरलो होतो, हे सांगायला हवं. समोर येईल ते पद्मिनी असेल, याची मला खात्री नव्हती. उशाशी जे तोंड हलत होतं, त्यात ओळखीचं काही नव्हतं. नुसती भूक होती. पण वाढून ठेवल्यावर बोलवायचं असतं.

"वाढलंय," मी म्हणालो. "ये."

आणि खेळात ती मिटायची तसे डोळे मिटले.

बराच वेळ फक्त फ्रिजची घरघर होती. मग तीही थांबली. वाटी टेबलावर किंचित सरकली.

बारीक, हलकी कुरकुर आली.

"पोहे," मी म्हणालो.

आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, या वेळी टणक.

"दाणा."

मग मऊसर, पिठूळ. "डाळवं."

ओळखायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. मला जमत होतं, याचं त्या भीतीतही थोडं नवल वाटलं. आवाज आता घाईत नव्हता. उशाशी होता तसा कोरडाही नव्हता. पुढचा आवाज मात्र मला ओळखता येईना. मंद, चिवट, दाढेखाली धरून हळूहळू पिळून घेतल्यासारखा. पुन्हा पुन्हा तोच. मी खूप प्रयत्न केला.

"हरलो," मी म्हणालो.

आणि तेव्हा गिळल्याचा आवाज आला.

घशातून एक घास खाली उतरल्याचा, अगदी साधा आवाज. तो ऐकायला मिळावा म्हणून ती आणि मी किती दवाखान्यांचे जिने चढलो होतो. मग दुसरा घास उतरला. मग पाण्याचा एक घोट.

माझे डोळे आपोआप किलकिले झाले. समोर बघायचा धीर झाला नाही. नजर तांब्यावर गेली. त्याच्या फुगीर पोटात सगळी खोली वाकडी होऊन मावली होती: दिवा, पांढरी खिडकी, समोरची खुर्ची. वाटीच्या काठावर बोटं होती. ती चिवड्यात काहीतरी शोधत होती. मनगटावर सलाइनच्या सुईची पट्टी नव्हती. त्याच्या वर एक गळा दिसला. तो हलला. चेहरा तांब्याच्या गळ्यापाशी आक्रसून नाहीसा झाला होता. मी डोळे परत घट्ट मिटले.

मग एक ढेकर ऐकू आली. लहानशी, तोंडावर हात धरून दिलेली. पद्मिनी लग्नाच्या पंगतीत अशीच द्यायची आणि कुणी ऐकलं का म्हणून इकडेतिकडे बघायची.

मला हसू आलं. मोठ्याने आलं. हसता हसता डोळे उघडले, तेव्हा समोर खुर्ची होती आणि फ्रिज पुन्हा घरघरत होता. वाटीतला चिवडा थोडा कमी झाला होता. खोबऱ्याचा एकही काप नव्हता.

ताईने खोबरं घातलंच नसेल, असं कुणी म्हणेल. वाढताना काप पाहिल्याचं मला आठवतं. आठवतं, एवढंच म्हणतो. तिला फोन करून विचारलं नाही.

उरलेला चिवडा मी खाल्ला. संसारभर खाल्ला होता तसा. वाटी, भांडं धुतलं, पालथं घातलं, ओटा पुसला, झाकपाक केली. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणालो, "वाढलं." बाहेरून कडी घातली नाही. मग दिवा वाढवला.

६

झाकणं आता सकाळी डब्यांवरच असतात. वजन उतरायचं तेवढं उतरलं आणि तिथे थांबलं. कश्मिरा खूश आहे.

"रात्रीचं खाणं?"

"सुटलं."

"कंटाळा?"

"आहे. त्याला तलावावर नेतो."

निशांत परवा येऊन राहिला. चिवड्याचा डबा त्यानेच खाली काढला आणि बकाणे भरत म्हणाला, "बाबा, बुआ ने खोबरा बहुत डाला है इस बार." त्याने वाटी माझ्यापुढे सरकवली. मी नको म्हटलं. दात घासून झाले होते.

काल तो परत गेल्यावर घर फार मोठं वाटलं. जेवणानंतर हात फळीकडे जायला लागला, तो मी वाटेत वळवला आणि एक लाल गाजर घेतलं. एवढ्याची कश्मिराने परवानगी दिली आहे. धुतलं, वाटीत तुकडे केले, दिवा लावून टेबलाशी बसलो. एक तुकडा दाढेखाली धरला आणि चावता चावता मुद्दाम थांबलो.

आवाजही थांबला.

थोडा वेळ तसाच बसलो. बाहेर कुणीतरी गेट लावलं. मग उरलेले तुकडे खाल्ले, पुन्हा दात घासले आणि झोपायला गेलो.